रंगाऱ्याची तुरटी

सुरतेच्या पांडेसरा वसाहतीत आज खानदेशातून आलेले कितीतरी हात कापड रंगविण्यात गुंतलेले आहेत. १६१३ च्या सुमारास इंग्रजांची वखार सुरतेत आली, तेव्हाही गुजरातचे रंगीत सुती कापड परदेशी जात असे. मंजिष्ठेचा लाल रंग टिकावा म्हणून रंगारी सुतास आधी तुरटी लावीत. तिचे मर्म उलगडण्याची वाट १८९७ साली जे. जे. थॉमसन यांच्या इलेक्ट्रॉनच्या शोधाने मोकळी झाली. तुरटीतील ॲल्युमिनियम तीन इलेक्ट्रॉन गमावून धनभारित आयन झालेले असते. सूत आणि रंग या दोहोंतील ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनजोड्या ते आपल्याकडे ओढते व दोहोंना सांधते. पॉलिएस्टरच्या धाग्यात मात्र आयनाला अशी पकड मिळत नाही. तेथे सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात रंग धाग्याच्या आत शिरवावा लागतो. शास्त्राने कारण सांगितले; कृती रंगाऱ्यास आधीच साधली होती. त्यास अडाणी म्हणण्यापूर्वी एवढे स्मरावे.