वाऱ्याचा कायदा

श्रावणी पौर्णिमेस आपल्या किनाऱ्यावरील लोक समुद्राला नारळ अर्पण करतात. या प्रथेकडे केवळ भाविकतेच्या दृष्टीने पाहणारास तिचे अर्धेच मर्म कळते. तिच्या मुळाशी हिंदी महासागराच्या भूगोलाचा एक नियम आहे. आणि तो मोडणारास कोणता दंड भरावा लागतो, याची साक्ष इतिहासात नमूद आहे.

अटलांटिक व पॅसिफिक हे महासागर उत्तरेस ध्रुवप्रदेशापर्यंत पसरले आहेत. सुमारे ७ कोटी चौरस किलोमीटर विस्ताराच्या हिंदी महासागराची उत्तर बाजू मात्र आशिया खंडाने बंद केली आहे. उन्हाळ्यात ही विशाल भूमी तापते, तिच्यावरील हवेचा दाब उतरतो आणि जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारे वाहतात. हिवाळ्यात भूमी निवते आणि वारे उलटून ईशान्येकडून समुद्रावर जातात. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाहदेखील त्यांच्याबरोबर दिशा पालटतो. ऋतू या अर्थाच्या ‘मौसिम’ या अरबी शब्दावरून या वाऱ्यांना नाव मिळाले, ते उगीच नव्हे. अरब, गुजराती, मलबारी अशा सर्वच नाखवांना परतीच्या वाऱ्यासाठी परक्या बंदरात महिनोन् महिने थांबावे लागे. थांबणाऱ्याला यजमानाशी सलोखा राखणे प्राप्तच होते.

आता साक्ष पाहू. २४ एप्रिल १४९८ रोजी वास्को द गामा आफ्रिकेतील मालिंदीहून निघाला. बरोबर तेथील एक जाणता वाटाड्या होता व वारा अनुकूल होता. सुमारे २३ दिवसांत भारताचा किनारा दिसला. परतताना मात्र त्याने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑगस्टअखेर कालिकत सोडून तो कारवारनजीकच्या अंजदीव बेटाशी आला आणि ५ ऑक्टोबरला, ईशान्येचा वारा स्थिरावण्यापूर्वीच, खुल्या समुद्रात शिरला. मालिंदी गाठण्यास ७ जानेवारी १४९९ उजाडला. जो समुद्र तीन आठवड्यांत ओलांडला, त्यानेच तीन महिने घेतले. रक्तपितीने सुमारे ३० माणसे दगावली; प्रत्येक जहाजावर कामास सात-आठजणच उरले आणि माणसांअभावी एक जहाज जाळून टाकावे लागले.

असे असूनही त्याच वर्षी पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने एथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान येथील नौकानयनाचा स्वामी असे बिरुद धारण केले. पुढे या समुद्रावरील व्यापाऱ्यास ‘कार्ताझ’ नावाचा पोर्तुगीज परवाना घ्यावा लागू लागला. त्यावाचून सापडलेले जहाज मालासह जप्त होई. पिढ्यान् पिढ्या जी वाट सर्वांची होती, तिच्यावर जकात बसली.

या दाव्यास कायद्याच्या भाषेत उत्तर दिले ते डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने, १६०९ साली. ज्याचा ताबा घेता येत नाही, त्याची मालकी सांगता येत नाही. समुद्र सर्वांचा आहे, असे त्याचे प्रतिपादन. युक्तिवाद उत्तम, पण पक्षकार निर्मळ नव्हता. १६०३ मध्ये एक पोर्तुगीज जहाज पकडणाऱ्या डच कंपनीची तो वकिली करीत होता, आणि त्याच कंपनीने पुढे मसाल्याच्या बेटांत आपली मक्तेदारी लादली. वकिली पेशातील माणसाला यात नवल वाटत नाही. परंतु खेद वाटल्याखेरीज राहत नाही.

१९८२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये किनारी राष्ट्रांस २०० सागरी मैलांपर्यंत साधनसंपत्तीचे हक्क मिळाले आहेत. त्याच करारात जलचरांच्या रक्षणाचे कर्तव्यही आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. माशांच्या विणीचा काळ जपणारा हा नियम म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटणाऱ्या पूर्वजांच्या संयमाचेच लेखी रूप होय.

आज अरबी समुद्र तापत आहे आणि त्यावरील चक्रीवादळे वाढली आहेत. समुद्रावर हक्क सांगणारे पुष्कळ झाले. परवाने, बिरुदे आणि करार यांचे कागद साचले. वाऱ्याने यांपैकी एकही वाचलेला नाही. तेव्हा नारळ सोडताना आपण समुद्राकडे काही मागत नसून त्याची मर्यादा मान्य करीत आहोत, एवढे स्मरण राहिले तरी ती पूजा सफल झाली असे म्हणता येईल.