पुठ्ठ्याची नाव



बोरीवलीच्या पूर्वेस दहिसर नदी डोंगरांतून उतरते आणि पश्चिमेस गोराईची खाडी आहे. येथील मुलांना नाव ठाऊक नाहीं असें कोण म्हणेल? तथापि मीं कित्येक वर्षें आर्किमिडीजचा सिद्धांत त्यांच्याकडून केवळ घोकून घेतला. मुलें तो अचूक म्हणत आणि मी पूर्ण गुण देत असें. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, खिळा बुडतो, मग लोखंडी बोट कां तरंगते?" 'तें पुढील इयत्तेंत येईल' असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें. ती चूक मला पुढें फार दिवस बोचत राहिली.

अखेर एका पावसाळ्यांत मीं प्रत्येक तुकडीस सारखाच पुठ्ठा व थोडें मेण दिलें आणि टाकींत नावांची शर्यत लावली. जी अधिक भार घेऊन पैलतीर गांठील, ती पहिली. निमुळती, देखणी नाव प्रथमच कलंडली. एकीचे सांधे मेणाविना राहिले होते, ती भिजून बसली. जिंकली ती रुंद तळाची, उंच कांठांची बेढब नाव! मग हिशेब मुलांनींच मांडला. २० सेंटिमीटर लांब, १० रुंद व ५ उंच अशी पेटीसारखी नाव कांठापर्यंत बुडाली, तर १,००० घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक किलो पाणी बाजूस सारते. तेव्हां स्वतःच्या वजनासह तितकाच भार ती पेलणार.

ही युक्ति कांहीं माझी नव्हे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली. सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधारें द्यावें, असें तेथें ठरलें. योजना आंखणाऱ्या झाकिर हुसेन समितीनें एक इशाराही दिला: मालाच्या उत्पन्नाकडे पाहतां पाहतां शिक्षणाचा हेतु विसरूं नये. टकळीवर सूत निघालें, पण मुलाच्या मनांत प्रश्न निघाला नाहीं, तर ती मजुरीच होय.

दुसरें उदाहरण आपल्याच लोहमार्गावर उत्तरेस आहे. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र उभारलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळा त्याच्या अंगणांत न्यावी, हा त्यांचा निश्चय होता. युरोपांतील महागडीं साधनें खेड्यांत कोठून आणावीं? त्यांनीं शंख-शिंपले, खडे, पानें, बिया हींच साधनें केलीं. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत वाढलें.

आपल्या घरींही जुन्या खोक्यांचा पुठ्ठा असतो व घंगाळ नसलें तरी बादली असते. मुलाला नाव करूं द्या. ती बुडाली तर लगेच कारण सांगूं नका. तें त्याला शोधूं द्या. माझ्या त्या विद्यार्थ्याला शर्यतीच्या दिवशीं उत्तर सांपडलें. मला तें द्यावेंच लागलें नाहीं.