मंदावणाऱ्या इंजिनाचे कोडे

आमच्या एका मित्राकडे कारब्युरेटरच्या जमान्यातली एक जुनी मोटार आहे. रस्ता मोकळा असला की ती झकास पळते. पण पुढे सिग्नल दिसला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की इंजिन दोन आचके देते आणि बंद पडते. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलून झाले, मग पॉइंट, मग पेट्रोलचा पंप. खर्च झाला, दोष तसाच राहिला. तेव्हा आम्ही मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि कारब्युरेटरची आकृती काढली. बर्नोलीच्या तत्त्वाचे उदाहरण म्हणून शाळेच्या पुस्तकात असते तीच. अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि शेजारच्या भांड्यातले पेट्रोल तोटीतून वर ओढले जाते.

थोडी आकडेमोड केल्यावर आमच्या लक्षात आले, की कारब्युरेटर खरोखर एवढाच असता, तर दोष नसलेली गाडीही प्रत्येक सिग्नलला बंद पडली असती!

ती आकडेमोड वर्गातही करता येईल. तोटीचे तोंड भांड्यातल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा थोडे वर ठेवावे लागते, नाहीतर गाडी उभी असताना पेट्रोल गळत राहील. हे अंतर 5 मिलिमीटर धरू. एवढा स्तंभ उचलायला सुमारे 36 पास्कल दाबफरक लागतो. तो मिळण्यासाठी अरुंद भागात हवेचा वेग सेकंदाला जवळजवळ 8 मीटर हवा. आता 1100 घनसेंटिमीटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत नुसतेच धडधडते आहे असे समजा. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्याने सिलिंडरकडे जाणारी हवा विरळ, वातावरणाच्या सुमारे एक-तृतीयांश दाबाची असते. म्हणजे बाहेरची हवा सेकंदाला जेमतेम अडीच लिटर आत येते. व्हेंच्युरीचा व्यास 24 मिलिमीटर असेल, तर तिथला वेग भरतो साडेपाच मीटरच्या आसपास. पेट्रोल तोटीच्या तोंडापर्यंतही पोचणार नाही. तेच इंजिन पूर्ण थ्रॉटलवर 4000 फेरे घेते तेव्हा हा वेग साठ मीटरच्या वर जातो आणि ते 36 पास्कल खिजगणतीतही राहत नाहीत.

सुरुवातीच्या मोटारींना ही अडचण का आली नाही? कार्ल बेंझच्या 1886 सालच्या तीनचाकीत तोटीच नव्हती. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती बाष्पाने भारली जाई. पेट्रोलचा फवारा उडवणारा आणि तरंगत्या फ्लोटने पातळी कायम राखणारा कारब्युरेटर 1893 साली आला. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने तो केला आणि त्याच वर्षी, काही महिने आधी, हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तशाच योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण त्या काळची इंजिने जवळपास एकाच वेगाने चालत. डाइमलरच्या इंजिनात वेग वाढला की गव्हर्नर काही फेऱ्यांत एक्झॉस्टची झडप उघडूच देत नसे. चालकाने पायाने इंजिन मंद-जलद करायचे ही कल्पना रुळली, तेव्हा कुठे साध्या तोटीचे दुबळेपण उघडे पडले.

वेग बदलला की मिश्रणाचे प्रमाण बिघडते, ही त्या दुबळेपणाची दुसरी बाजू. साध्या तोटीतून मंद चालीत पेट्रोल कमी पडते आणि वेगात जास्त होते. फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर कंपनीच्या आर्थर क्रेब्सने 1902 साली वेगाबरोबर जादा हवा आपोआप आत सोडणारी रचना केली. 1906 साली फ्रांस्वा बाव्हरेने दोन तोट्यांची जोडी योजली. एकीची उणीव दुसरी भरून काढते. यातूनच झेनिथ कारब्युरेटर पुढे आला. इंग्लंडमधल्या स्किनर बंधूंनी तर प्रश्नच उलटा घातला. हवेचा वेग कमी होऊ द्यायचाच कशाला? त्यांच्या एसयू कारब्युरेटरमध्ये हवेची वाटच गरजेप्रमाणे लहानमोठी होते, त्यामुळे वेग जवळपास सारखा राहतो. स्किनर घराणे पादत्राणांच्या व्यापारातले. वाट लहानमोठी करायला त्यांनी आधी चामड्याचा भाता वापरला, यात नवल नाही. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत देखणे उत्तर हेच.

बाकीच्यांनी मात्र वेगळी युक्ती रूढ केली. मंद चालीत व्हेंच्युरीपाशी दाब कमी होत नसला, तरी मिटलेल्या थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, चांगलीच पोकळी असते. पाऱ्याच्या भाषेत 45 ते 50 सेंटिमीटर! म्हणून झडपेच्या कडेजवळ एक बारीक छिद्र ठेवून त्याला पेट्रोलची स्वतंत्र वाट जोडली गेली. हाच मेकॅनिक लोकांचा ‘स्लो जेट’. थोडक्यात, एका कारब्युरेटरच्या पोटात दोन कारब्युरेटर असतात आणि पाय उचलला की काम एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आमच्या मित्राची गाडी नेमकी या अदलाबदलीत मरत होती.

पण घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे, कारण फ्लोटचाही संशय येतो. ब्रेकने गाडी अर्ध्या जीने मंदावली, तर भांड्यातले पेट्रोल सत्तावीसएक अंशांनी कलते. तोटी भांड्याच्या मागे 4 सेंटिमीटरवर असेल, तर तिच्यापाशी पातळी 2 सेंटिमीटर उतरल्यासारखे होते. याचे भयंकर रूप 1940 साली ब्रिटनच्या आकाशात दिसले. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांनी एकदम नाक खाली केले, की भांड्यातले पेट्रोल वर उसळे आणि त्यांचे मर्लिन इंजिन क्षणभर उपाशी राही. मग फ्लोटची झडप सताड उघडी राहून पेट्रोलचा पूर येई आणि इंजिन पुन्हा गुदमरे. जर्मन मेसरश्मिट विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये टोचले जाई, त्यामुळे ती सरळ सूर मारून निसटत. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या बिॲट्रिस शिलिंग या अभियंतेने ओळखले, की जास्त जाच दुसऱ्या गुदमरण्याचा आहे. पूर्ण शक्तीला लागेल तेवढेच पेट्रोल सोडणारी एक छोटी पितळी अडणी तिने केली. 1941च्या मार्चपासून ती विमाने सेवेत असतानाच बसवली गेली. दाबावर चालणारे कारब्युरेटर येईपर्यंत तिनेच वेळ निभावून नेली.

आमच्या गाडीचा निकाल मात्र उभ्या गाडीतच लागला. न्यूट्रलमध्ये इंजिन तापवून, थोडे पळवून पाय उचलला, तरी ते बंद पडले. ब्रेक नाही, उतार नाही, म्हणजे फ्लोट निर्दोष. दुसऱ्या वेळी चोक जरासा ओढून धरला, तर इंजिन जगले. म्हणजे पेट्रोल कमी पडत होते, किंवा कुठून तरी चोरटी हवा आत शिरत होती. सेकंदाला अडीच लिटरमध्ये अर्धा लिटर चोरटी हवा मिसळली तर घात होतो. तीसमध्ये मिसळली तर पत्ताही लागत नाही. गॅस्केटच्या कडेने आणि रबरी नळ्यांवर साबणाचे पाणी सोडून पाहिले. इंजिनाच्या सुरात फरक पडला नाही.

उरला स्लो जेट. तो काढून उजेडासमोर धरला, तर आरपार काहीच दिसेना. 1888 साली बर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा तुंबलेली पेट्रोलची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, असे सांगतात. गॅरेजमधल्या पोऱ्यानेही चटकन तार पुढे केली. पण नळीची गोष्ट वेगळी आणि जेटची वेगळी. छिद्र 0.45 मिलिमीटरचे 0.50 झाले, तरी क्षेत्रफळ जवळजवळ पाव पटीने वाढते. आम्ही तार परत दिली, जेट रात्रभर पेट्रोलात बुडवून ठेवला आणि सकाळी सायकलच्या पंपाने हवा मारली. टेबलावर मोहरीहून बारीक असा एक तांबूस कण पडला, बहुधा टाकीतल्या गंजाचा.