चौबारा, बीदर येथील

चौबारा : बीदर (कर्नाटक राज्य) शहराच्या जुन्या तटबंद भागातील मध्ययुगीन टेहळणी मनोरा. शहराचे दक्षिणोत्तर आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मुख्य रस्ते जेथे परस्परांना छेदतात, त्या चौकाच्या मधोमध तो उभा आहे. मनोरा वर्तुळाकार असून त्याची उंची सु. २२ मी. (७१ फुट) आहे. आतील चक्राकार जिन्याला ८० पायऱ्या आहेत. पायथ्याच्या रुंद, गोल जोत्यात कमानदार कोनाडे असून ते पहारेकऱ्यांसाठी असावेत. चारी दिशांना तोंड असलेली वास्तू म्हणून त्यास ‘चौबारा’ हे नाव पडले. मराठीतील ‘चव्हाटा’ हा शब्दही असाच चार वाटांवरून आलेला आहे.

मनोऱ्यावर त्याच्या उभारणीचे वर्ष सांगणारा लेख नाही. तो सामान्यतः बहमनी सुलतान पहिला अहमदशाह वली (कार. १४२२–३६) याच्या काळातील मानला जातो. दख्खनच्या जुन्या नगरांत अशा टेहळणीच्या जागा पूर्वीपासून असत, हे लक्षात घेता मूळ बांधकाम याहून प्राचीन असण्याची शक्यताही पुढे करण्यात आली आहे. तथापि मनोऱ्याचे स्थान पाहिले असता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. अहमदशाहाने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविली व तेथील किल्ल्याची पुनर्बांधणी केली. किल्ल्याच्या दक्षिणेस नवे शहर वसले आणि त्याचे रस्ते या मनोऱ्याभोवती आखले गेले. असा मध्यबिंदू नगररचनेबरोबरच ठरविला जातो. शहराचा सध्याचा तट मात्र पुढे बरीदशाहीत, अली बरीदच्या कारकीर्दीत (१५५५–५८) उभारला गेला; तेव्हाही चौकाची मूळ मांडणी तशीच राहिली.

चौबाऱ्याचे वेगळेपण समकालीन व नंतरच्या मनोऱ्यांशी तुलना केल्यावर ध्यानात येते. दौलताबादचा चांदमिनार पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, म्हणजे बहमनी राजवटीतलाच. परंतु तो राजाच्या वैभवाचे प्रतीक आहे आणि त्याच्या पायथ्याशी मशीद आहे. हैदराबादच्या चारमिनारच्या (१५९१) वरच्या मजल्यावरही मशीद आहे. चौबारा मशिदीचा भाग नाही, विजयस्तंभ नाही, कोणाची समाधीही नाही. त्यावर नक्षीकाम जवळजवळ नाहीच. मध्ययुगीन दख्खनमधील निव्वळ नागरी उपयोगाच्या ज्या थोड्या वास्तू शिल्लक आहेत, त्यांत त्याची गणना करावी लागेल. बेल्जियममधील ब्रूझ शहराच्या बाजारचौकातही तेराव्या शतकात उंच मनोरा बांधण्यात आला. तेथे नगराच्या सनदा व खजिना ठेवीत आणि घंटेच्या ठोक्यावर शहराचे व्यवहार चालत. तो मनोरा व्यापारी नागरिकांच्या स्वायत्ततेची खूण होता. बीदरच्या मनोऱ्यावरील पहारा हा राज्यकर्त्यांच्या बंदोबस्ताचा भाग होता.

या बंदोबस्ताचे वर्णन रशियन व्यापारी आफानासी निकितिन याच्या प्रवासवृत्तात सापडते. तो १४७० च्या सुमारास बीदरमध्ये होता. रात्रीच्या वेळी कोतवालाची हजार माणसे चिलखत घालून, घोड्यावर बसून व हाती मशाली घेऊन शहराचे रक्षण करीत, असे त्याने नमूद केले आहे. चौबाऱ्याचा उल्लेख त्यात नाही. पण अशा गस्तीला शहराच्या ऐन मध्यावरील उंच जागेचा किती उपयोग होई, हे सांगण्याची गरज नाही. बीदर हे समुद्रसपाटीपासून सु. ७०० मी. उंचीच्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले असून माथ्यावरून सभोवतालचा मुलूख दूरवर दिसतो. शत्रूची चाहूल घेणे हा मनोऱ्याचा एक हेतू झाला. त्याहून महत्त्वाचा हेतू शहराच्या आत पाहण्याचा असावा. बहमनी दरबारात दखनी आणि परदेशातून आलेले आफाकी यांचे वैर धुमसत होते. वऱ्हाडच्या तरफाचे गाविल व माहूर असे दोन भाग पाडणारा कर्तबगार वजीर महमूद गावान त्याच वैरापायी १४८१ मध्ये मारला गेला. पुढे १४८७ मध्ये सुलतान महमूदशाहावर त्याच्या राजवाड्यातच हल्ला झाला आणि त्याचा सूड म्हणून शहरात दखनींची कत्तल करण्यात आली. राजधानीला धोका तटाबाहेरून होता तितकाच गल्ल्यांतूनही होता.

चौबाऱ्यापासून निघणाऱ्या रस्त्यांनी जुन्या शहराचे चार भाग पडतात. या भागांत तालमी असत. त्यांपैकी सिद्दी तालीम व मनियार तालीम ही नावे वस्त्यांच्या रूपाने टिकून आहेत. ‘तालीम’ या शब्दाचा व्यायामशाळा हा अर्थ मराठी वाचकास परका नाही.

चौबारा पाहावयाचा तो किल्ल्याकडून चालत येऊन. पर्यटक बहुधा किल्ला आणि मदरसा पाहून परततात, हे खेदाचे आहे. किल्ल्यातून दक्षिणेस निघाल्यावर प्रथम महमूद गावानचा मदरसा (१४७२) लागतो. मोगल अंमलात, सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात त्याचा बराच भाग ढासळला व दोन मनोऱ्यांपैकी एकच उरला. त्यापुढे तख्त-ए-किरमानी ही वास्तू आहे. तीवरून पुढे येताच चौबाऱ्याचा गोल बुंधा रस्ता अडवून समोर उभा राहतो, आणि रस्ता त्याला वळसा घालून दक्षिणेस फतेह दरवाज्याकडे जातो. मनोऱ्याच्या पूर्वेस सु. ३ किमी.वर अष्टूर येथे बहमनी सुलतानांचे मकबरे आहेत. पश्चिमेस, शहराबाहेर, बरीदशाही राजांचे.

बीदरच्या वास्तूंची पद्धतशीर पाहणी निजामाच्या राज्यातील पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी केली. त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दशकभरातच, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, बीदर जिल्ह्याचे विभाजन झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे मराठी तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि बीदर शहर म्हैसूर (पुढील कर्नाटक) राज्यात गेले. आधुनिक काळात चौबाऱ्याच्या वरच्या भागात घड्याळे बसविण्यात आली असून चौकाभोवती दाट बाजारपेठ आहे.