आरती थांबते कोणासाठी?

माउली, वारीचा विषय निघाला की आपण दिवेघाट सांगतो, रिंगण सांगतो. पण हा सोहळा उभा आहे नेमावर. आणि तो नेम सगळ्यांचा होण्याआधी एकट्या माणसाच्या अंगी मुरला होता, हे ध्यानात घ्या.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. पुढे साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा आळंदीस आले. मूळचे ते शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. घरी परतताना वाटेत लुटारूंनी कोंडले असता त्यांनी हरिपाठ सोडला नाही, आणि सुटका होताच गावाऐवजी आळंदीच गाठली, असे परंपरा सांगते. रात्री समाधीपुढे उभे राहून भजन करायचे, हा त्यांचा नेम झाला. 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींचा स्वतंत्र पालखी सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे साहाय्य लाभले. त्यांचे अश्व आजही पालखीसोबत चालतात. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे, कोणत्या दिंडीने कोठे चालायचे, याची शिस्त बसली. एकाने रात्री उभे राहून केलेले भजन आज लाखोंच्या मुखी आहे. आळंदीच्या महाद्वारी पहिली पायरी हैबतबाबांची, ती उगीच नव्हे.

या शिस्तीतली एक रीत मला फार मोलाची वाटते. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठी दिंड्या उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोहोचतो. चोपदार काठी उंच करून पुकारा करतात आणि सारा तळ शांत होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. मग आरती.

विचार करा, लाखाचा समुदाय उभा आहे, पालखीत माउलींच्या पादुका आहेत, आणि आरती थांबली आहे ती कुणा दिंडीला पाणी मिळाले नाही किंवा चालण्याच्या क्रमात अडथळा आला म्हणून! गाऱ्हाणे मनात ठेवून आरतीला उभे राहू नये, आणि दुसऱ्याचे गाऱ्हाणे दाबून आरती करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी शब्दांत न सांगता रीतीत घालून ठेवले.

आता आपल्या घरी या. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, तिन्हीसांजेला हरिपाठ होतो. उत्तम. पण त्याच वेळी स्वयंपाकघरात सून डोळे पुसत असेल, बांधावरून भावाभावांत वर्षभर बोलणे नसेल, किंवा अंथरुणावरचा म्हातारा दुपारपासून पाणी मागत असेल, तर त्यांचे टाळ वाजतच आहेत, माउली. आपल्या आवाजात ते आपल्याला ऐकू येत नाहीत, इतकेच.

आता वयामुळे माझ्याने आळंदी ते पंढरपूर चालवत नाही. तुमच्यातही असे पुष्कळ असतील. त्यांनी खंत करू नये. वारीची ही रीत घरी पाळायला पाय लागत नाहीत. आज संध्याकाळी निरांजन पेटवण्याआधी क्षणभर थांबा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुझे काही सांगायचे राहिले आहे का?" उत्तर लांबले तर लांबू द्या. मग सगळ्यांनी मिळून आरती म्हणा.

रामकृष्णहरी.