दहाच्या आत आवाज

१९८५च्या डिसेंबरात उपनगरातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमची दोन युनिटं जळाली आणि माझी रॉकशी ओळख झाली. युनिट म्हणजे भोंग्याच्या मागे बसवलेला काळा डबा. आवाज तिथे तयार होतो, भोंगा तो फक्त लांब फेकतो. साउंड आमचा होता. आमचा म्हणजे अण्णांचा. मुलुंड स्टेशनपासून पाच मिनिटांवर अण्णांचं दहा बाय बाराचं दुकान होतं, पाटीवर ‘लाउडस्पीकर व रोषणाई भाड्याने मिळेल’. आत आहुजाचे दोन अ‍ॅम्प्लिफायर, आठ भोंगे, चार कॉलम आणि वायरींची वेटोळी. बारसं, साखरपुडा, सत्यनारायण, गणपती, प्रचारसभा, दहाव्याचं प्रवचन. माणूस आल्यापासून जाईपर्यंत आमचा माइक लागायचा.

त्या संध्याकाळी चार पोरांनी गिटारची वायर थेट माइकच्या सॉकेटमध्ये खुपसली. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्या गाण्यात गिटारवाल्याने पायाखालची एक पेटी दाबली आणि भोंग्यातून करवत फिरल्यासारखा आवाज निघाला. पोरं खूश. दोन मिनिटांत जळक्या वार्निशचा वास आला, एक भोंगा मुका झाला, मग दुसरा. अण्णांनी मेन बंद केला, स्टेजवर गेले आणि शांतपणे म्हणाले, “बाळांनो, ही मशीन माणसाच्या बोलण्यासाठी आहे.”

कॉलेजने हात वर केले. भरपाई पोरांनीच दिली, तीन हप्त्यांत. तिसरा हप्ता द्यायला आलेल्याने जाता जाता मला विचारलं, “रंगभवनला येतोस का एकदा?”

रंगभवन म्हणजे धोबी तलावाला, झेवियर्स कॉलेजला खेटून असलेलं सरकारी नाट्यगृह. वर छप्पर नाही, आकाश. १९७८ साली ‘जाझ यात्रा’ तिथे भरली होती, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून १५ ऑगस्टच्या आगेमागे फरहाद वाडियांचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथेच होऊ लागला. मुलुंडहून आम्ही व्हीटीला उतरायचो. पालिकेची इमारत, आझाद मैदान, कामा हॉस्पिटल, आणि मग काळ्या टीशर्टांची रांग. बोरिवली-अंधेरीवाले मरीन लाइन्सला उतरून उलट्या बाजूने यायचे. पाऊस हमखास. पण माझं लक्ष स्टेजच्या दोन बाजूंना रचलेल्या काळ्या खोक्यांवर होतं. ड्रमवाल्याने पायाने पहिला ठोका दिला तो मला कानाआधी छातीत लागला. आमच्या भोंग्यात खर्ज नव्हताच. त्याची घडणच मधल्या सुरांसाठी, बोलण्यासाठी. ढोलही त्यातून पत्र्याच्या डब्यासारखा यायचा. सतरा-अठरा वर्षं ज्या धंद्यात वाढलो त्यातला अर्धा आवाज मी ऐकलाच नव्हता, हे मला तिथे कळलं.

स्टेजवर होता तो रॉक मशीन. १९८४ साली मुंबईत जमलेला बँड. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. घरी येऊन मी नावं सांगितली. अण्णा तिनईकरांवर अडले. तेव्हा मुंबई पालिकेचे आयुक्त सदाशिव तिनईकर होते, कडक शिस्तीचे. “आयुक्तांच्या आडनावाचा मुलगा असलं वाजवतो?” अण्णांनी विचारलं, आणि मग जरा थांबून, “भोंगे कुठले होते?”

मुंबईत रॉक काही त्या दिवशी उगवला नव्हता. सिगारेट कंपनीने भरवलेली ‘सिमला बीट’ स्पर्धा १९७०-७१ची. लोणावळ्याजवळ मळवलीला १९७१ साली ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोठा जलसा झाला होता. पण माझ्या पिढीने रंगभवनला जे ऐकलं त्यातलं बहुतेक विलायती बँडांची गाणी हुबेहूब वाजवणं होतं. हुबेहूब हीच कसोटी. आमच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचीही तीच होती: किशोरकुमार गाणारा किशोरकुमारसारखाच वाटला पाहिजे. कुणी “हे आमचं स्वतःचं गाणं” म्हणाला की प्रेक्षक वडापाव आणायला उठायचे, नाही तर हुर्यो उडवायचे. रॉक मशीन त्या हुर्योला पुरून उरले. १९८८ साली त्यांची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही कॅसेट सीबीएसने काढली, १९९०ला ‘द सेकंड कमिंग’. मी दोन्ही घेतल्या. ऑर्केस्ट्राच्या आधी साउंड तपासायला त्याच वाजवायचो, आणि मंडळाचे कार्यकर्ते धावत यायचे, “अरे, हे काय लावलंस, आरती लाव!”

मग केबल आली. मुलुंडला आमच्या शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर केबलवाल्याने छत्री बसवली आणि एमटीव्ही घराघरात घुसला. १९९३ साली बँडने नाव बदललं. ‘रॉक मशीन’ कुठल्याही देशातलं वाटू शकलं असतं. ‘इंडस क्रीड’मध्ये सिंधू आली. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षकांनी पुरस्कार मिळवून दिला. अण्णा वरणभात जेवत होते आणि समोर पडद्यावर आयुक्तांच्या आडनावाचा तो मुलगा. “बराच पुढे गेला,” अण्णा म्हणाले. आमच्या घरात रॉकबद्दल काढलेलं तेवढंच एक चांगलं वाक्य.

‘इंडस क्रीड’ हा अल्बम १९९५चा. त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, दलेर मेहंदीचं ‘बोलो तारा रारा’ आलं. वरातींपासून नवरात्रीपर्यंत मला सगळीकडे ही दोनच गाणी लावावी लागत. कंपन्यांना गिऱ्हाईक कुठे आहे ते कळलं होतं, आणि ते इंग्रजीत नव्हतं. १ नोव्हेंबर १९९६ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला. मी तिकिटाविना बाहेर उभा राहून ऐकत होतो, म्हणजे खरं तर बाहेरपर्यंत येणारा खर्ज मोजत होतो. उपनगरात एवढा मोठा आवाज होऊ शकतो, त्याला परवानगी मिळते, पोलीस बंदोबस्त मिळतो, हे त्या रात्री दिसलं. पण ते जगातल्या सगळ्यात मोठ्या पाहुण्यासाठी. घरच्या बँडला वर्षात चार तारखा मिळायची मारामार. १९९७ला इंडस क्रीड थांबला. पुढे उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ नावाने वाजवू लागले.

बँड फुटतात, त्यात विशेष नाही. पण त्यानंतर या गावात जागाच फुटली. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. आता रंगभवनचा पत्ता आठवा: बाजूला कॉलेज, जवळच कोर्ट, पलीकडे कामा आणि जीटी ही हॉस्पिटलं. तिथे शांतताच शांतता. रंगभवनचे कार्यक्रम बंद पडले. मला राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, नियम योग्य होता. कामा हॉस्पिटलात बाळंतीण झोपली आहे आणि आम्ही छातीत लागेल असा ठोका देतोय, याचा त्या वयात कधी विचारच केला नव्हता. चूक एवढीच की एक जागा बंद करताना दुसरी कुणी उघडली नाही.

धंदा त्यामुळे बदलला. अण्णा गेले, भोंगे भंगारात दिले. मी बॅकलाइन भाड्याने द्यायला लागलो. बॅकलाइन म्हणजे ड्रमकिट, बेस अ‍ॅम्प, दोन गिटार अ‍ॅम्प. टेम्पोत घालून नेऊन मांडायचं, संपलं की उचलायचं. गिऱ्हाईक कोण? उपनगरातली पोरं. फ्लॅटमध्ये ड्रम वाजवला की सोसायटीचा सेक्रेटरी दारात, म्हणून ती अंधेरीच्या इंडस्ट्रिअल इस्टेटमधल्या गाळ्यात तासावर खोली घेऊन सराव करायची. भिंतीला फोम, दाराला जुनी गादी, एसी चालू-बंद. बाजूच्या गाळ्यात कुणी प्लॅस्टिकची झाकणं बनवतोय. झाकणाच्या मशीनचा ठेका आणि ड्रमचा ठेका कधीकधी जुळायचा, तेव्हा आतली पोरं हसायची.

त्या गाळ्यांत मला एक गोष्ट जाणवली. कुणीही हुबेहूब वाजवत नव्हतं. घाटकोपरचा असो, बोरिवलीचा असो, जो तो आपलं गाणं घेऊन यायचा. कच्चं, अर्धवट, पण आपलं. स्वतःचं गाणं वाजवायला धाडस लागतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यासाठी कुणी वीस वर्षांपूर्वी रंगभवनला हुर्यो झेलली होती हे तर मुळीच नाही. ‘इंडिपेंडन्स रॉक’ही पुढे उपनगरात आला, अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर. लग्नांचे मांडव आणि सिनेमाचे सेट लागतात तेच मैदान. पोरं आता लिंक रोडला रिक्षातून उतरत होती, शेवटची लोकल पकडायला पळत नव्हती.

दरम्यान उदय बेनेगल मुंबईला परतले होते. ते आणि तिनईकर ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने हळू आवाजात, विजेच्या गोंगाटाविना वाजवत होते. २०१०मध्ये इंडस क्रीड पुन्हा जमला. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. नव्या दोघांची पिढी वेगळी, माझ्या टेम्पोतल्या ड्रमवर सराव करणाऱ्या पोरांच्या पिढीची. २०१२ साली ‘इव्हॉल्व’ आला. ‘इंडस क्रीड’नंतर सतरा वर्षांनी. मिक्सिंग टिम पामरचं, म्हणजे १९९१च्या पर्ल जॅमच्या ‘टेन’चं मिक्सिंग करणाऱ्या माणसाचं.

सीडी मी टेम्पोतच ऐकली. भांडुपला एक हळदीचा कार्यक्रम उरकून परतत होतो, पूर्व द्रुतगती मार्गावर ट्रॅफिक तुंबलेला. शेजारी माझा जुना मित्र, युनिटांचा तिसरा हप्ता फेडणारा तोच. ‘फायरफ्लाइज’ सुरू झालं. दोन गाणी झाल्यावर तो म्हणाला, “मजा नाही यार. जुनं काहीच नाही यात. ते उडवून देणारं कुठे गेलं?” मी त्याला गप्प राहायची खूण केली. माझा हात आपोआप आवाजाच्या बटणावर गेला होता, पण वाढवायला नाही. जुन्या कॅसेटमध्ये सगळं पुढे असायचं: ड्रम पुढे, गिटार पुढे, गळा पुढे, जणू प्रत्येकाला भीती की आपण ऐकू आलो नाही तर प्रेक्षक वडापावला उठतील. इथे गिटार मागे सरून गळ्याला वाट देत होती. ड्रमचा ठोका पडायचा आणि त्याच्यामागे जरा मोकळी जागा राहायची. त्या जागेत कीबोर्ड हलकेच यायचा आणि निघून जायचा. माझ्या आयुष्यभराच्या धंद्यात त्या जागेचे कुणी कधी पैसे दिले नव्हते.

मित्राला मी सांगितलं ते असं. तू ज्याला परत येणं म्हणतोस तसं ते परत आलेच नाहीत. परत यायला रंगभवन हवं होतं, ते बंद. हुर्यो हवी होती, तीही संपली. स्वतःची गाणी वाजवण्यात आता कुणाला नवल नाही, आणि ते नवल त्यांनीच घालवलं. त्यांनी सुरू केलेली रांग इतकी लांबली की पुन्हा जमल्यावर त्यांना तिच्याच शेवटी उभं राहावं लागलं, आपल्यापेक्षा तरुण ड्रमवाल्याला सोबत घेऊन. आणि ते उभे राहिले. जुन्या नावाच्या जोरावर पुढे घुसले नाहीत. मित्र म्हणाला, “तू फार बोलतोस.” मग ऐरोलीच्या फाट्यापर्यंत त्याने गाणं बदललं नाही.

हल्ली मुलुंडच्या एका नवरात्र मंडळाचा साउंड माझ्याकडे असतो. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत परवानगी देतं. बाकीच्या रात्री दहाला बंद. पावणेदहाला हवालदार मैदानाच्या फाटकाशी येऊन उभा राहतो, काही बोलत नाही, फक्त घड्याळाकडे बघतो. नवा मुलगा मिक्सरवर बसतो तेव्हा दहाला मेन ओढतो, आणि गरबा मध्येच तुटून पोरीबाळी ओरडतात. मी त्याला दाखवलं: नऊ पंचावन्नला खर्ज थोडा खाली, मग टाळ्या, मग ढोल, शेवटी गाणाऱ्या बाईचा आवाज एकटा ठेवायचा. लोक आपोआप थांबतात, ऐकायला लागतात. दहा वाजतात तेव्हा बंद करायला काही उरलेलंच नसतं.

“हे कुठे शिकलात?” त्याने विचारलं.

“एका बँडकडून,” मी म्हणालो, आणि वायरी गुंडाळायला लागलो.