कामटीपासून तारेपर्यंत

उमरखेडच्या परिसरात पिंजऱ्याचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कोंबड्यांच्या डालग्यापासून करावी लागते. ते विणणारा बुरूड. गावाला सूप, टोपली, दुरडी पुरवणाऱ्या त्याच हातांनी बांबूच्या कामट्या वाकवून, बूड सपाट आणि माथा गोल ठेवून पाखरांचे पिंजरेही विणले. त्या पिंजऱ्याचे माप पाखराच्या पंखांवरून कधी ठरले नाही. तो ओसरीच्या आढ्याला टांगता यावा, एका हाताने उचलता यावा आणि मांजराच्या उडीपासून वर राहावा, एवढेच पाहिले जाई. पाळणाऱ्याच्या सोयीला इथे नेहमीच पहिला मान मिळाला आणि ही खोड पुढे फार काळ टिकली.

बांबू जंगलातून येई. तालुक्याला लागून पैनगंगेच्या वळणांत सागाचे मोठे जंगल आहे. त्यातला बराच भाग आज पैनगंगा अभयारण्यात मोडतो. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि बुरुडाच्या कच्च्या मालाला परवाना, पास, डेपो हे शब्द चिकटले. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत तर बांबू ‘झाड’ ठरला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवताच्या कुळातला, पण जंगलाबाहेर उगवलेल्या बांबूची त्या व्याख्येतून सुटका व्हायला 2017 साल उजाडले.

पिंजऱ्यात जाणारे पाखरू बाजारात पोचवायचे काम फासेपारध्यांचे. केसांचे आणि दोऱ्यांचे फासे, जाळी, आवाजाची नक्कल अशी त्यांची हत्यारे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात पारध्यांच्या या कसबाची नोंद आहे. यात सर्वांत हुशारीचा उपयोग तित्तराचा. माणसाळवलेला नर तित्तर पिंजऱ्यात घालून रानात ठेवायचा. तो ओरडला की आपल्या हद्दीत कोण घुसला म्हणून रानातला नर भांडायला धावत येतो आणि फाशात सापडतो. असा पिंजरा एरवी फडक्याने झाकून नेत, कारण अंधारात पाखरू शांत राहते.

ही विद्या आणखी जुनी आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट धरण्याच्या नळीचा दाखला येतो. पोपट नळीवर बसतो, त्याच्या वजनाने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो आणि उडून जायचे सोडून भीतीने ती अधिकच घट्ट धरतो. श्रोत्यांना ही नळी ओळखीची असल्याखेरीज दाखल्यात अर्थ नव्हता.

पारध्यांच्या वाट्याला मात्र विचित्र न्याय आला. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांवरच शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आता त्यांचा धंदा गुन्हा ठरला. कायदा योग्यच होता. पण फासा सोडल्यावर हातात काय धरायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

पोपटाने बुरुडाला हरवले ते चोचीच्या जोरावर. तित्तराला पुरणारी कामटी पोपट काही दिवसांत कुरतडून टाकतो. म्हणून लोखंडी तारेचा, वर कडी असलेला घुमटी पिंजरा आला आणि विदर्भातल्या ओसरीत, तसेच रस्त्याकडेच्या पोपटवाल्या ज्योतिष्याच्या पुढ्यात स्थिरावला. तार मजबूत झाली, माप मात्र जुनेच राहिले. आपल्याकडचा कंठवाला पोपट सुमारे 40 सेंटिमीटर लांब, त्यातली निम्मी लांबी शेपटीची. त्या गोल पिंजऱ्यात तो वळला की शेपूट तारांवर घासते आणि दोन्ही पंख एकदम पसरायचा तर प्रश्नच नाही.

प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या अपुऱ्या उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे, असे 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमात लिहिले गेले. पिंजऱ्याचा विचार आतल्या बाजूने करणारे हे वाक्य. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशी पाखरांच्या व्यापारावरच बंदी आली. पिंजरे रिकामे झाले नाहीत. त्यांत परदेशी लव्हबर्ड आणि बजरीगार आले, मागोमाग हॅमस्टर, आणि आता शहरांतल्या हौशी लोकांना चिंचिला हवा असतो.

हा अँडीज पर्वतातला, मऊ दाट केसांचा उंदीरवर्गीय प्राणी. कातड्यासाठी त्याची इतकी शिकार झाली की 1910 मध्ये चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांना शिकारबंदीचा करार करावा लागला. 1923 मध्ये मथायस चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने अकरा चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले. डोंगरावरून त्यांना टप्प्याटप्प्याने खाली उतरवत आणले आणि जहाजावर बर्फ ठेवून त्यांना थंड राखले. पाळीव चिंचिला बहुतांशी त्यांचेच वंशज मानले जातात. म्हणजे या प्राण्याच्या पिंजऱ्याच्या इतिहासात सळ्यांच्या आधी बर्फ येतो.

दक्षिण अमेरिकेच्याच किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन 2016 मध्ये मुंबईच्या राणीबागेत आले, तेव्हा त्यांच्यासाठीही आधी थंड खोली उभारावी लागली. उमरखेडचा मे महिना मुंबईहून कितीतरी कडक. पारा चाळिशी ओलांडतो, आणि चिंचिलाला पंचविशीच्या पुढेच उष्माघाताचा धोका. इथे कुणी त्याच्यासाठी पिंजरा निवडू लागला, तर पहिला खर्च वातानुकूलनाचा आणि वीज गेल्यावर ते चालू ठेवण्याच्या सोयीचा. तो जमत नसेल तर हौस आवरावी, हे उत्तम.

पिंजऱ्याबाबत पोपटाने शिकवलेले सगळे इथे पुन्हा लागू होते. चिंचिलाचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे तो प्लॅस्टिकचा तळ आणि कड्या फस्त करतो. सांगाडा धातूचाच हवा. उडी मोठी, म्हणून पिंजरा उंच. पण पडला तर हाड मोडू नये म्हणून फळ्या जवळजवळ बसवायच्या. नुसत्या जाळीच्या तळावर पाय सोलतात, तेव्हा तळ भरीव असावा. तारांमधले अंतर पिल्लाचे डोके न अडकण्याइतके कमी. आणि एक भांडे मातीस्नानासाठी: तो पाण्याने नव्हे, ज्वालामुखीच्या खडकाच्या अगदी बारीक भुकटीत लोळून केस स्वच्छ करतो. पैनगंगेची रेती त्याला चालत नाही. तिचे कण जाड असल्याने ते केसांच्या मुळापर्यंत पोचत नाहीत आणि केस मात्र तुटतात.